कराड ते कवलापूर : सरळ रेषेचा हिशेब

दोन गावांमधील अंतर विचारणाऱ्या माणसाला आपल्याकडे पूर्वी कोसांत उत्तर मिळे. परंतु त्या उत्तराच्या पाठोपाठ मजला किती, वाटेत नदी कोणती, उतार आहे की नावेची वाट पाहावी लागेल, असे प्रश्न अपरिहार्यपणे येत. कोस ही संख्या एकटी कधीच पुरी पडत नसे, आणि पेशवाईच्या अंमलात जोडीजोडीने पत्रे घेऊन धावणाऱ्या जासुदांना, साताऱ्याच्या गादीकडून मिरज-सांगलीच्या पटवर्धन सरदारांकडे जाताना, या पस्तीसएक कोसांचा खरा हिशेब पावसाळ्यात निराळा आणि उन्हाळ्यात निराळा करावा लागत असणार, हे उघड आहे. विमानाने प्रवास करणाऱ्या माणसाची मात्र अशी समजूत झालेली असते की आकाशात नदी नाही, घाट नाही, नाका नाही. तेव्हा नकाशावर एक रेषा ओढावी, तिची लांबी मोजावी, तिला विमानाच्या वेगाने भागावे, आणि जे उत्तर येईल तो प्रवासाचा वेळ समजावा. ही समजूत मुंबई आणि लंडन यांच्याबाबत बऱ्याच अंशी चालून जाते. सातारा आणि सांगली यांच्याबाबत ती पूर्णतः फसते. आणि ती का फसते हे पाहू गेल्यास विमानविद्येतील कितीतरी मूलभूत गोष्टी आपोआप हाती लागतात, म्हणून या प्रकरणासाठी मी मुद्दाम हीच जोडी निवडली आहे.

प्रथम रेषेची लांबी काढू, आणि तीही यंत्राच्या साहाय्यावाचून. सातारा शहर अदमासे 17 अंश 41 कला उत्तर अक्षांशावर आणि 74 अंश पूर्व रेखांशावर वसलेले आहे. सांगली 16 अंश 51 कला उत्तर आणि 74 अंश 35 कला पूर्व येथे आहे. सागरी मैलाची मूळ कल्पनाच अशी की अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल; आज तो कायद्याने 1852 मीटरांचा ठरलेला आहे, आणि वैमानिक व नाविक किलोमीटर सोडून आजही त्यालाच चिकटून राहिले आहेत ते या सोयीपायीच. दोन्ही शहरांच्या अक्षांशांत 50 कलांचे अंतर, म्हणजे दक्षिणोत्तर 50 सागरी मैल. रेखांशांत 35 कलांचे अंतर आहे. परंतु रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येत असल्यामुळे आपल्या अक्षांशावर त्यांतील अंतर विषुववृत्तावरील अंतराच्या सुमारे साडेपंचाण्णव शतांश उरते, आणि 35 कलांचे साधारण साडेतेहेतीस सागरी मैल होतात. आता शाळेतील काटकोन त्रिकोण आठवावा : 50 चा वर्ग 2500, साडेतेहेतिसाचा वर्ग 1120 च्या आसपास, बेरजेचे वर्गमूळ 60. साठ सागरी मैल, म्हणजे 111 किलोमीटर. पृथ्वी गोल असल्यामुळे अशी रेषा खरे पाहता बृहद्वृत्ताचा अंश असते आणि तिची लांबी गोलीय त्रिकोणमितीने काढावयास हवी. पण एवढ्या तोकड्या अंतरात पृथ्वीची वक्रता हिशेबात इतका नगण्य फरक करते की आपल्या ढोबळ गणिताला तिची दखल घेण्याचे कारण नाही.

आता जमिनीवरचा आकडा पाहावा. लोहमार्गाने सातारा स्थानकापासून सांगली स्थानकापर्यंत सव्वाशे किलोमीटरांच्या किंचित वर अंतर भरते, आणि कराडवरून पेठ, इस्लामपूर, आष्टा अशा रस्त्याने जाणारी एस.टी.ची गाडीही साधारण तेवढीच मजल मारते. म्हणजे पक्ष्याच्या वाटेने गेल्यास आठवा हिस्सा काय तो वाचतो. हे प्रमाण विलक्षण अल्प आहे. महाराष्ट्रात इतरत्र, विशेषतः कोकण आणि देश यांच्या दरम्यान, सरळ रेषा आणि रस्ता यांच्यात दुपटीचा फरक पडल्याची उदाहरणे ठायीठायी सापडतात. सह्याद्रीच्या भिंतीला वळसे घालीत उतरणाऱ्या घाटांनी तो पाडलेला असतो. सातारा-सांगलीच्या दरम्यान असा अडसर नाही, कारण या दोहोंना जोडणारी वाट मनुष्याने आखण्यापूर्वीच कृष्णेने आखून ठेवली आहे. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला पोटात घेऊन, कराडास कोयनेला भेटून, पुढे वारणेकडे जाणारी ही नदी एकंदरीत आग्नेयेकडेच वाहते, आणि लोहमार्ग व हमरस्ता यांनी तिच्याच खोऱ्याचा आश्रय केला आहे. जेथे रस्ताच जवळजवळ सरळ आहे तेथे विमानाला वाचवण्याजोगे अंतर उरत नाही. ही या प्रश्नातील पहिली मेख.

ही दोन गावे परस्परांपासून दूर आहेत असे शासकीय दफ्तरही फार काळ मानीत नव्हते. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे तालुके जुन्या सातारा जिल्ह्याच्याच जमाबंदीत मोडत. संस्थाने विलीन झाल्यानंतर 1949 साली उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे करण्यात आले, आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले ते 1960 साली. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आणि त्यांची कर्मभूमी कराड साताऱ्यात, हा त्या वाटणीचाच परिणाम होय. एकाच खोऱ्याच्या दोन टोकांमध्ये विमानसेवा असावी काय, असा प्रश्न आपण विचारीत आहोत, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

विमान दोन शहरांमध्ये उडत नसते, दोन धावपट्ट्यांमध्ये उडते; हे विधान वाटते तितके बाळबोध नाही. सातारा शहराला स्वतःचा विमानतळ नाही. थोरामोठ्यांची हेलिकॉप्टरे तेथे उतरतात ती बहुधा सैनिक स्कूलच्या मैदानावर. देशातील सैनिक शाळांपैकी ही पहिली शाळा, 1961 सालची. जिल्ह्याची धावपट्टी आहे ती शहरापासून पन्नासएक किलोमीटर दक्षिणेस, कराडजवळ, वारुंजी, केसे आणि मुंढे या गावांच्या शिवारात, कोयनेच्या खोऱ्याच्या तोंडाशी. ती तेथे का आहे याचे उत्तर प्रवाशांत शोधून सापडावयाचे नाही, ते विजेत सापडते. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाची उभारणी पन्नाशीच्या दशकात हाती घेण्यात आली, तेव्हा अभियंते आणि अधिकारी यांची मुंबईहून ये-जा सुलभ व्हावी म्हणून 1955 साली सार्वजनिक बांधकाम खात्याने ही पट्टी तयार केली. तिची लांबी 1280 मीटर, आणि रोख साधारण पूर्व-पश्चिम. धरण झाले, बोगद्यांतून पाणी पश्चिमेकडे वळले, पोफळीची जनित्रे फिरू लागली, आणि ज्या कामासाठी पट्टी बांधली ते काम संपल्यावर ती मागे उरली. पुढे ती महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे आली. तिचा विस्तार करण्याची तजवीज झाली, मोजणी झाली, आणि बागायती जमीन द्यावयास भोवतालचे शेतकरी राजी नसल्यामुळे प्रकरण वर्षानुवर्षे अर्ज, हरकती आणि बैठका यांत रेंगाळले. मला त्या शेतकऱ्यांचा विरोध हेकेखोर वाटत नाही. कोयनेच्या पाण्याने वर्षभर भिजणारी काळी जमीन एकदा डांबराखाली गेली की ती परत मिळत नसते, आणि तिच्या मोबदल्यात जे विमान यावयाचे ते नेमके कोठून कोठे जाणार, हे त्यांना कोणीही नीट सांगू शकलेले नव्हते.

सांगलीची गोष्ट याहून उदास. सांगलीहून तासगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर कवलापूर लागते, मिरज तालुक्यातले. तेथे दीडशेहून अधिक एकरांच्या माळावर एक जुनी धावपट्टी होती, आणि आता तिचे अवशेष आहेत. कोणे एके काळी येथे छोटी विमाने उतरत. पुढे जागा औद्योगिक विकास महामंडळाच्या ताब्यात गेली. विमानतळ व्हावा की कारखाने यावेत, यावर सांगलीकरांत जाहीर सभा, निवेदने आणि वर्तमानपत्री वाद झडत राहिले. द्राक्षे, बेदाणे आणि हळद यांच्या व्यापाराने सधन झालेल्या या मुलखाला स्वतःचा विमानतळ हवासा वाटावा हे स्वाभाविक आहे. परंतु हवासा वाटणे आणि त्यावर विमान उतरणे यांच्या दरम्यान जे पदार्थविज्ञान उभे असते त्याची ओळख करून घेतल्याशिवाय या वादाचा निकाल लागावयाचा नाही.

कराडच्या पट्टीपासून कवलापूरच्या माळापर्यंत हवेतील सरळ अंतर सुमारे 33 सागरी मैल, म्हणजे 61 किलोमीटर धरावे. क्षणभर असे कल्पू की दोन्ही पट्ट्या सुस्थितीत आहेत आणि त्यांच्यामध्ये, आपल्याकडील प्रादेशिक मार्गांवर चालते तसे, सत्तर आसनांचे दोन पंख्यांचे एटीआर विमान सोडावयाचे आहे. त्याचा समतल उड्डाणातील वेग 270 नॉटच्या, म्हणजे ताशी 500 किलोमीटरांच्या घरात असतो. भागाकार केला तर उत्तर येते सव्वासात मिनिटे. संकेतस्थळांवरची आणि प्रवासी पुस्तिकांतली उड्डाणवेळेची कोष्टके याच भागाकाराने तयार होतात, आणि कोष्टककार जर फार सावध असला तर त्यात अर्धा तास आणखी मिळवून मोकळा होतो. आपण मात्र विमानाबरोबर जाऊ.

दोन्ही ठिकाणांची समुद्रसपाटीपासूनची उंची अदमासे 1900 फूट समजू. कराडहून कवलापूरकडे जाण्याची दिशा आग्नेय. आणि उपकरणांच्या आधारे उडणाऱ्या विमानांसाठी आंतरराष्ट्रीय संकेत असा की पूर्वार्धाकडे, म्हणजे शून्य ते 179 अंशांच्या दरम्यान, रोख असेल तर विषम हजारांची उंची धरावी आणि पश्चिमार्धाकडे असेल तर सम हजारांची, म्हणजे समोरासमोर येणारी विमाने एका पातळीवर भेटत नाहीत. सांगलीला जाताना आपण 7000 फुटांची उंची धरू. परतताना ती 6000 किंवा 8000 होईल. पट्टीपासून 5100 फूट चढावयाचे, मिनिटाला 1200 फुटांच्या हिशेबाने सव्वाचार मिनिटे लागतात; चढताना वेग 170 नॉटच्या आसपास राखावा लागतो, म्हणून या सव्वाचार मिनिटांत जमिनीवरून 12 सागरी मैल मागे पडतात. उतरण्याची तऱ्हा याहून निश्चित आहे. प्रवासी विमान साधारणपणे तीन अंशांच्या उताराने खाली येते. या उतारावर एका सागरी मैलामागे सुमारे 300 फूट उंची कमी होते, आणि हा ठोकताळा प्रत्येक वैमानिकाच्या जिभेवर असतो. 5100 फुटांना 17 सागरी मैल. बारा आणि सतरा मिळून एकोणतीस. आपल्याजवळ होते तेहेतीस. उरले चार; आणि ते चार मैल 270 नॉटच्या ज्या वेगावर आपला सगळा भागाकार उभा होता त्या वेगाने तोडावयास एक मिनिटही लागत नाही.

म्हणजे ज्या वेगाची जाहिरात होते तो या मार्गावर विमानाला मिनिटभरही लाभत नाही. शिखर गाठले न गाठले तोच उतरंड सुरू होते. उतरण्याची पाचएक मिनिटे, पट्टीच्या रोखात येण्यासाठी घालावयाच्या वळणाची तीन, ही सर्व मिळवून चाके जमिनीवरून उचलल्यापासून टेकेपर्यंत तेरा मिनिटे होतात. त्यात यंत्रे सुरू करून पट्टीच्या टोकापर्यंत सरपटत जाणे आणि उतरल्यावर पुन्हा सरपटत फलाटाशी येणे याची दहा मिनिटे मिळवली की हिशेब तेवीस मिनिटांवर, म्हणजे जवळजवळ एका घटकेवर येतो. सव्वासात मिनिटांची एक घटका झाली. वैमानिकांच्या नोंदवहीत म्हणूनच दोन वेळ निरनिराळे लिहिले जातात : एक हवेतला, आणि दुसरा, विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या जागी उभे राहीपर्यंतचा, विमान कंपनीच्या वेळापत्रकात छापला जातो तो हा दुसरा. आणि प्रवाशाने पाऊण तास अगोदर यावे, सामान तपासून घ्यावे, उतरल्यावर ते परत मिळण्याची वाट पाहावी, कवलापूरहून सांगलीत आणि साताऱ्याहून मुळात कराडपर्यंत मोटारीने जावे, हे सर्व जमेस धरले, तर कोयना एक्सप्रेसमध्ये खिडकीपाशी बसलेला मनुष्य दोन-अडीच तासांत सांगलीस पोचून चहा घेत असेल तेव्हा विमानातला गृहस्थ फार तर त्याच्या बरोबरीने पोचलेला असावयाचा.

पट्टीचा रोख आणि वारा यांचेही म्हणणे ऐकून घ्यावे लागते. विमान नेहमी वाऱ्याला सामोरे होऊन उडते आणि सामोरे होऊनच उतरते, कारण पंखांना हवी असते ती हवेच्या सापेक्ष गती, जमिनीच्या सापेक्ष नव्हे. पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे कराडवर पश्चिमेचा वारा असतो. तेव्हा सांगलीस जावयाचे विमान उडते ते कोयना खोऱ्याच्या डोंगरांकडे तोंड करून, म्हणजे सांगलीकडे बऱ्याच अंशी पाठ फिरवून, आणि सुरक्षित उंची गाठल्यावर मोठे वळण घेऊन मार्गाला लागते. एवढ्या आखूड प्रवासात या एका वळणाने दहावा हिस्सा अंतर सहज वाढते. मार्गस्थ झाल्यावर तोच वारा पाठीशी येतो आणि मदत करतो. परंतु परतीच्या वेळी तो ही मदत व्याजासह वसूल करून घेतो. चार आसनांच्या लहान सेसना विमानाचा वेग 110 नॉट धरला तर वारा नसताना आपले तेहेतीस मैल अठरा मिनिटांत तुटतात, जाऊन-येऊन छत्तीस. वीस नॉटचा वारा जाताना पाठीशी असेल तर वेग 130 होऊन सव्वापंधरा मिनिटे लागतील, आणि येताना 90 होऊन बावीस, एकूण सव्वासदतीस. फायदा आणि तोटा समसमान व्हावेत असे मनाला वाटते, पण मंद गतीने जाणारे विमान प्रतिकूल वाऱ्यात अधिक काळ राहते आणि जलद जाणारे अनुकूल वाऱ्यात कमी काळ. म्हणून वारा कोणत्याही बाजूने सुटो, जाण्यायेण्याचा एकूण वेळ तो वाढवीतच राहतो. नदीच्या प्रवाहात वर-खाली होड्या चालवणारी अंकगणितातली उदाहरणे ज्यांनी सोडवली आहेत त्यांना हे सत्य शाळेतच कळावयास हवे होते.

सगळ्यांत मोठी अडचण मात्र उन्हाळ्यात उभी राहते, आणि तीही दिसत नाही. विमानाला धरून ठेवते ती हवा. आणि हवा तापली की विरळ होते. हवामानशास्त्रात एक आदर्श वातावरण कल्पिलेले आहे : समुद्रसपाटीवर 15 अंश सेल्सिअस, आणि हजार फुटांमागे जवळजवळ दोन अंश कमी. या हिशेबाने 1900 फुटांवर तापमान असावे सुमारे 11 अंश. आता वैशाखातील सांगलीची दुपार घ्या. पारा 38 वर आहे. आदर्शाहून 27 अंश अधिक. प्रत्येक जादा अंशामागे विमानाला पट्टी 120 फूट अधिक उंचावर असल्याप्रमाणे भासते, म्हणजे 3200 फुटांची भर. आणि 1900 फुटांवरच्या त्या माळावर उभे असलेले विमान पंख आणि पंख्यांच्या दृष्टीने 5100 फुटांवर उभे असते. महाबळेश्वराचे सर्वांत उंच ठिकाण, विल्सन पॉइंट, 4700 फुटांच्या आसपास आहे. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी कवलापूर महाबळेश्वराच्या डोक्यावर चढते. यंत्राची शक्ती घटते, पंख्याची पकड ढिली पडते, पंखांना तेवढाच भार उचलण्यासाठी अधिक वेग लागतो, आणि तो वेग गाठावयास अधिक लांब धाव घ्यावी लागते. समुद्रसपाटीवर, शीत हवेत, पूर्ण भाराने उडण्यास एटीआरला तेराशे मीटरांच्या आसपास पट्टी पुरते. कराडची 1280 मीटरांची पट्टी कागदावर जेमतेम पुरेशी दिसते आणि चैत्र-वैशाखात मुळीच पुरत नाही. आसने रिकामी ठेवून, इंधन कमी भरून, पहाटेच्या गारव्यात उडवून हे साधता येईल. पण रिकाम्या आसनांवर विमान कंपनी चालत नाही. कानपूरला बनणारे एकोणीस आसनांचे डॉर्नियर अशा पट्ट्यांना अधिक मानवते. धावपट्टी वाढवण्याची मागणी राजकीय हौसेतून येते असा ज्यांचा ग्रह आहे त्यांनी ही आकडेमोड एकदा करून पाहावी. आणि धावपट्टी वाढली म्हणजे विमाने आपसूक येतील असा ज्यांचा ग्रह आहे त्यांनी तिच्या आधीची करून पाहावी.

मध्यवर्ती शासनाने 2016 साली छोट्या विमानतळांसाठी उडान योजना जाहीर केली, तिच्या मूळ आराखड्यात दोन विमानतळांमधील अंतर 200 ते 800 किलोमीटर असावे असे म्हटले होते. डोंगराळ, दुर्गम आणि बेटांच्या प्रदेशांना तेवढी खालची मर्यादा माफ होती. सुमारे 500 किलोमीटरांच्या, तासाभराच्या प्रवासासाठी अनुदानित आसनाचे भाडे 2500 रुपयांवर रोखण्यात आले. ही खालची मर्यादा कोणी कारकुनाने लहरीने लिहिलेली नाही. चढ आणि उतार यांत पन्नासएक किलोमीटर खर्ची पडल्यानंतर विमानाला आपला वेग दाखवावयास जागा उरावी, एवढाच तिचा अर्थ. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्या दरम्यान 1967 पासून विमान जाते, अंतर 2.7 किलोमीटर, वेळ दोन मिनिटांच्या आत, आणि वारा अनुकूल असता 53 सेकंदांत ते पार केल्याची नोंद आहे. जगातील सर्वांत आखूड नियमित विमानमार्ग तो हाच. पण तेथे मधे उत्तरेचा खवळणारा समुद्र आहे. आपल्या मधे कृष्णा आहे, आणि तिच्यावर सांगलीला आयर्विन पूल 1929 पासून उभा आहे.

सातारा आणि सांगली यांच्यापुरते पाहिले तर विमानाला काम नाही; दोन्ही जिल्ह्यांना विमान हवे आहे ते मुंबई, हैदराबाद, बंगळूर, दिल्ली येथे जावयास, आणि त्या कामी या दोहोंची धाव परस्परविरुद्ध दिशांना आहे. सातारकर उत्तरेस पुण्याकडे जातो. तेथील लोहगाव विमानतळ त्याला सरळ रेषेत शंभर किलोमीटरांवर आहे, जरी खंबाटकीच्या घाटात ते शंभर किलोमीटर कधीकधी फार लांबतात. सांगलीकर नैर्ऋत्येस कोल्हापूरकडे वळतो. उजळाईवाडीचा तो विमानतळ राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत 1939 साली सुरू झाला, आणि सांगलीपासून हवेत मोजल्यास अवघा 37 किलोमीटर आहे. मधली कित्येक वर्षे तेथेही सेवा कधी चाले, कधी बंद पडे. 2018 पासून उडान योजनेखाली नियमित विमाने आली, पट्टी वाढवून 1930 मीटर करण्यात आली, आणि मार्च 2024 मध्ये नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. कोल्हापूरहून मुंबई हवेत तीनशे किलोमीटरांवर आहे, म्हणजे उडानच्या मर्यादेत नीट बसते. चढउताराचे किलोमीटर वजा जाऊनही अडीचशे उरतात, आणि रात्रभराची महालक्ष्मी एक्सप्रेस व तासाभराचे विमान यांत तुलना करण्याजोगा फरक पडतो. कवलापूरचा विमानतळ उद्या झाला तरी त्याला प्रथम स्पर्धा करावी लागेल ती या 37 किलोमीटरांवरच्या शेजाऱ्याशी.

या खोऱ्यावरून विमाने जाऊ लागली त्याला मात्र नव्वद वर्षे होऊन गेली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे.आर.डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपालाचे विमान आणले, आणि तेथून ते पुढे बल्लारीवरून मद्रासला नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेले. मुंबई आणि बल्लारी यांच्यामध्ये नकाशावर पट्टी ठेवली तर रेषा सातारा शहराच्या थोडी ईशान्येने, जिल्ह्याच्या अंगावरून जाते. टपाल डोक्यावरून मद्रासला चालले असता खाली साताऱ्याची पत्रे आगगाडीने येत होती, आणि त्यात कोणाची गैरसोय झाल्याचे दिसत नाही. आजही दिवसातून अनेक विमाने या आकाशातून दक्षिणेकडे जातात, पण तीस-पस्तीस हजार फुटांवरून. त्यांच्या दृष्टीने साताऱ्यापासून सांगलीपर्यंतचा साठ मैलांचा टापू आठ मिनिटांत मागे पडतो. सव्वासात-आठ मिनिटांचा तो भागाकार खरा ठरतो तो अशा, येथे न उतरणाऱ्या विमानांपुरता.

एकदा मात्र या अंतराचे सगळे गणित उलटले होते. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची 45 फुटांची पातळी ओलांडून 57 फुटांवर गेले. शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता, कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्ग दिवसेंदिवस बंद राहिला, आणि ज्या खोऱ्याने रस्त्याला सरळ वाट दिली होती त्यानेच ती काढून घेतली. त्या दिवसांत सव्वाशे किलोमीटर हा आकडा निरर्थक झाला होता. परंतु तेव्हाही उपयोगी पडल्या त्या नौदलाच्या नावा आणि पट्टी न लागणारी हेलिकॉप्टरे. कवलापूरची पट्टी चांगल्या अवस्थेत असती तर मदतसामग्री थेट जिल्ह्यात उतरवता आली असती, हा विमानतळवाद्यांचा मुद्दा मला त्यांच्या इतर सर्व मुद्द्यांपेक्षा वजनदार वाटतो, आणि तोच ते सर्वांत कमी मांडतात.

कराडच्या पट्टीवर अलीकडच्या काळात वावर दिसतो तो वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींचा. लहान विमान सकाळी गार हवेत उडते, आगाशिवाच्या डोंगरावरून, प्रीतिसंगमावरून फेऱ्या घेते आणि परत येते; पट्टीची लांबी त्याला पुरून उरते. व्यावसायिक परवाना मिळवावयाचा तर या विद्यार्थ्यांना एकट्याने, वाटेत दोन निराळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून, किमान 300 सागरी मैलांचा एक प्रवास करावा लागतो. कोल्हापूर कराडपासून 38 मैल, पुणे 80 च्या आत; एवढ्यावर तीनशे भरत नाहीत, म्हणून नकाशा पसरून त्यांना आणखी दूरचा विमानतळ शोधावा लागतो. कराड-कवलापूर हे अंतर त्या तीनशे मैलांत नऊ वेळा मावले असते, पण कवलापूरला थांबता येत नाही.